जाळीच्या कपाटाचा बार: जुन्या सामानातून, बेळगावकडच्या घरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरात बार करायचा तर तो दार मिटणारा असावा, हे माझं ठाम मत. आपल्याकडं पाहुण्यांची खोली एकच. भाद्रपदात तिथंच गणपती बसतो, चैत्रात तिथंच हळदीकुंकू, मुलीला बघायला येणारेही तिथंच बसतात. श्रावण लागला की घरातला पिणाराही महिनाभर बाटलीकडं बघत नाही. अशा खोलीत हॉटेलसारखा उघडा काउंटर मांडला तर त्यावर चादर टाकायची वेळ वारंवार येते. दार मिटलं की साधं कपाट, उघडलं की बार, असं काहीतरी पाहिजे. त्याला सगळ्यात लायक वस्तू बऱ्याच घरांच्या माळ्यावर नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली असते: जाळीचं कपाट.

फ्रिज येण्याआधी दूध, लोणी, उरलेली भाकरी ज्यात ठेवायची तेच हे. साधारण साडेचार-पाच फूट उंच, तीन फुटांच्या आसपास रुंद, दीड फूट खोल. दोन दारं, दारांना तारेची जाळी, बाहेर कडी-कोयंडा. हा दीड फुटांचा खोलपणा बाटलीला आणि ग्लासाला अगदी बेताचा आहे. कपड्यांचं कपाट दोन फूट खोल असतं, त्यात मागच्या रांगेतल्या बाटल्या विसरल्या जातात. शोकेस उथळ असते आणि तिच्या फळ्या बाटल्यांच्या वजनाला टिकत नाहीत.

सामान कुठं मिळेल

आधी घरात बघा, मग मामाच्या घरी. तिथंही नसेल तर पाडकामाच्या जागा शोधा. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागातली जुनी कौलारू घरं पाडून अपार्टमेंट उभी राहताहेत आणि कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून अधूनमधून सामान बाहेर पडतं. पाडकामाचा ठेकेदार खांब, तुळया आणि चौकटी नीट जपतो, कारण त्यांना भाव आहे. मोडकं कपाट, झोपाळ्याची फळी, दाराची एखादी सुटी झडप यांचं मात्र तो जळण करून आचाऱ्याला देऊन टाकतो. त्याच्या आधी पोचा. नुसतं कन्नडमध्ये ‘एष्टरी?’ (कितीला हो?) विचारलंत तरी बोलणं सुरू होतं आणि भाव जरा माणसात येतो. छोट्या वस्तूंचा भाव नगावर करा, फुटावर नको.

निपाणी-चिकोडीकडं तंबाखूच्या जुन्या वखारींतलं लाकूड मिळतं. मजबूत असतं, पण वास जाता जात नाही. काउंटरखालच्या चौकटीला चालेल, ग्लास ठेवायच्या कप्प्याला नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत मशीन ज्या खोक्यांतून येतात त्यांचं पाइन लाकूड स्वस्त पडतं. परदेशातून आलेल्या खोक्यावर आणि पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, त्यात अक्षरं बघून घ्या. ‘एच टी’ असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं आहे, बिनधास्त घ्या. ‘एम बी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरात आणू नका.

फौजी घरांत आणखी एक चीज असते: काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात असल्यानं आपल्या भागात अशा पेट्यांना तोटा नाही. आडवी ठेवून आत दोन फळ्या टाकल्या तर सोडा आणि सरबतांच्या बाटल्यांची उत्तम सोय होते. नाव-नंबर खरवडू नका. पेटीची शान त्यातच आहे.

एक सावधगिरी. खानापूरच्या जंगलपट्ट्यात ‘जुनं आहे’ म्हणून ताजं तोडलेलं सागवान किंवा शिसवी खपवणारे भेटतात. कापलेल्या टोकाला ओलसर, उजळ रंग दिसला की सरळ पाठ फिरवा. घर पाडलेल्याकडून लाकूड घेत असाल तर साधी चिठ्ठी किंवा पावती मागून ठेवा. लाकूड टेम्पोत घालून चंदगड किंवा कोल्हापूरकडून इकडं आणायचं असेल, तर राज्याची हद्द ओलांडण्याआधी वनखात्याकडं परवान्याची चौकशी करा.

घ्यायच्या आधी पाय बघा

जाळीच्या कपाटाची पहिली तपासणी खालून करायची. मुंग्या चढू नयेत म्हणून जुन्या बायका या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. त्यामुळं वरून ठणठणीत दिसणाऱ्या कपाटाचे पाय खालून इंच-दोन इंच मऊ झालेले असतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. बिस्किटासारखं आत गेलं तर तेवढा भाग कापून टाकायचा. चारही पाय सारखेच कापा आणि खाली लोखंडी बूट किंवा ब्रेकची चाकं लावा. गणपतीत कपाट दुसऱ्या खोलीत ढकलायचं असेल तर चाकंच बरी.

मग कीड. भुंग्याची बारीक भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती जुनीही असू शकतात. कपाटाखाली वर्तमानपत्र पसरा, लाकडावर हातोडीच्या दांड्यानं ठोका आणि कागद चार-आठ दिवस तसाच ठेवा. ताजं पिवळसर पीठ पडलं तर किडा जिवंत आहे. तो बहुधा लाकडाच्या फिक्या कडेलाच असतो, कारण सागवानाचा गडद गाभा त्याला फारसा मानवत नाही. फिका भाग कापता आला तर कापा. नाहीतर पॉलिश उतरवून उघड्या लाकडाला हार्डवेअरच्या दुकानातलं कीडनाशक पाजा. पॉलिशवरून लावलेलं औषध आत जात नाही. वाळवी लागलेलं कपाट मी फुकटही घेणार नाही. ठोकल्यावर पोकळ आवाज आला आणि सांध्यात मातीच्या नळ्या दिसल्या की विषय संपला.

सागवान ओळखायला आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी पटाशीनं जरा खरवडा. सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट आणि चामड्यासारखा वास, म्हणजे सागवान. फणसही चालतो, पिवळा असतो आणि वर्षांनी गडद होत जातो. पुढं काय करायचं ते लाकूड कुठलं यापेक्षा फळी किती जाड आहे आणि सांधे किती शाबूत आहेत यावर ठरतं.

धुणं, उघडं करणं, सांधणं

आतल्या फळ्यांवर कित्येक वर्षांचं तूप, तेल आणि फोडणीचा धूर बसलेला असतो. त्यावर कुठलंच पॉलिश धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून खरखरीत ब्रशनं घासा, लगेच स्वच्छ पाण्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलंत तर फळ्या वाकतील. पूर्ण वाळल्यावर एकदा स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घ्या.

आता रंग. कपाटाला हिरवा, निळा किंवा चॉकलेटी ऑइलपेंट असेल तर कोरडा पॉलिशपेपर मारू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं २०१७ पासून आली, आजोबांच्या कपाटाला ती ठाऊक नाही. पेंट रिमूव्हर लावून पत्रीनं खरवडा, उरलेलं ओल्या वॉटरपेपरनं घासा. तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे, काम अंगणात, आणि लहान मुलं व गरोदर बाई आसपास नको. खरवड कागदात गोळा करून बांधून टाका, बागेत झटकू नका.

लाकूड उघडं पडलं की लोहचुंबक फिरवा. पाडकामाच्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात आणि एका खिळ्यानं रंध्याचं पातं जातं.

ढिले सांधे पूर्ण उकलून आतला जुना सरस खरवडा, कारण जुन्या सरसावर नवा फेव्हिकॉल बसत नाही. पोकळी राहिली तर सागवानाची पातळ चिपळी घाला. सांधा लावल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्यापर्यंत आणि उलट, दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. ही दोन मिनिटं वाचवली की पुढं दारं कधीच नीट मिटत नाहीत. मोठा क्लॅम्प नसेल तर भोवती सुतळीचे चार फेरे घ्या, मधे काठी घालून पीळ द्या आणि रात्रभर सोडा. आपल्याकडचे बडिगेर (कन्नड सुतार) मेस्त्री असंच करतात आणि त्यांचे सांधे आपल्यापेक्षा जास्त टिकतात.

आतली मांडणी

बाटली मोजूनच फळी ठरवा. ७५० मिलिलिटरची बहुतेक बाटली फूटभर उंच असते, काही लंबूटांग त्याहून वर जातात. म्हणून बाटल्यांच्या कप्प्याला १४ इंच मोकळी उंची द्या. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे डझनाचे पंधरा किलो. पाऊण इंची फळीला दर दोन-अडीच फुटांवर आधार हवा, तीन फुटांच्या कपाटात मधे एक उभी पट्टी देऊन मोकळे व्हा. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंची बीडिंग पट्टी मारा म्हणजे दार ओढताना बाटली पायावर येणार नाही.

खालून वर असा क्रम बरा पडतो. तळाशी सोडा, कोल्ड्रिंक, कोकमाचं आगळ, लिंबाचं सरबत. त्यावर दारूच्या बाटल्या, उभ्या. व्हिस्की-रम आडवी ठेवली तर आतलं मद्य बूच खराब करतं. बुचाची वाइन तेवढी आडवी. जमिनीपासून ३६ इंचांवर ओतायची फळी आणि तिच्यावर दीड फूट मोकळी जागा, म्हणजे उभ्यानं बर्फ घालता येतो, ग्लास भरता येतो, कोपर आपटत नाही. सगळ्यात वर ग्लास. जड ते खाली हा नियम सोडू नका, वर जड झालेलं कपाट पोरानं दाराला लोंबकळताच पुढं येतं. भिंतीला पट्टीनं आवळायचंच, पण जुन्या घरातल्या मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही. तिथं पट्टी लाकडी तुळईला किंवा दाराच्या चौकटीला घ्या.

दाराच्या जाळीचं काय करायचं, यावर घरात वाद होतो. काच लावली तर आतलं सगळं दिसतं, म्हणजे दार मिटण्याचा हेतूच गेला. माझं मत: पुढची जाळी गंजली असली तरी तसलीच नवी जाळी बसवा आणि आतून जाड सुती कापड ताणून लावा. इरकली साडीचा जुना पदर असेल तर फारच छान. दिवा हवा असेल तर १२ व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी वरच्या फळीच्या आतल्या कडेला लावा. ती फारशी तापत नाही. अॅडॉप्टर कपाटाबाहेर ठेवा.

पॉलिश: इथं नवखे फसतात

आपल्याकडच्या जुन्या सागवानी सामानाला शोभतं ते चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. मेस्त्रीही तेच सुचवेल. बाहेरून जरूर लावा, त्याच्यासारखी झळाळी दुसऱ्या कशाला नाही. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, आणि जे स्पिरिटमध्ये विरघळतं ते दारूतही मऊ पडतं. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तेवढा एक पेग फळीवर सांडून रात्रभर राहिला की सकाळी पांढरा डाग आणि चिकट खड्डा. बर्फाच्या ग्लासाचं ओलं वर्तुळही लाखेवर पांढरं उमटतं. म्हणून ओतायची फळी आणि बाटल्यांच्या फळ्या लाखेपासून लांब ठेवा.

आधीचं पॉलिश कुठलं हे ओळखणं सोपं आहे. स्पिरिटचा कापूस घासा. कापूस तपकिरी झाला आणि जागा चिकटली तर लाख. ती त्याच स्पिरिटनं उतरवा आणि ८०, १२०, २२० नंबरचा पेपर याच क्रमानं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं मारा. आडवा मारलेला ओरखडा पॉलिश लागल्यावरच दिसतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मग ओतायच्या फळीला पीयूचे (पॉलियुरेथेन, दारूला दाद न देणारं कडक पॉलिश) तीन पातळ हात द्या, मधे ३२० नंबरचा हलका हात. पीयूचा उग्र दर्प असतो, खिडक्या उघड्या आणि चूल, उदबत्ती बंद. डब्यावर लिहिलेले वाळायचे दिवस पाळा, हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं असं नाही.

पीयूची कटकट नको असेल तर फळीवर दगड टाका. मात्र कुठला दगड, हे बघून. जुन्या स्वयंपाकघरातून निघालेला कडप्पा फुकट मिळतो आणि शहाबादी फरशी स्वस्त असते, पण दोन्ही चुनखडीचे. लिंबाचा थेंब पडला की तिथली चकाकी जाते आणि डाग कायमचा. कोकमाच्या आगळाचंही तेच. संगमरवराचीही हीच गत. ग्रॅनाइटला लिंबू काही करत नाही. फरशीच्या दुकानात इलकलच्या तांबूस ग्रॅनाइटचा कापून उरलेला तुकडा मागा. तीन फूट बाय सव्वा फुटाला मोठी लादी लागत नाही.

पॉलिशचं काम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत उरका. जूनपासून आपल्याकडची हवा इतकी ओली असते, खानापूर-जांबोटीकडं तर कपडेही वाळत नाहीत, की स्पिरिट उडताना लाखेत दमटपणा अडकतो आणि सगळं पॉलिश दुधाळ होतं. अथणीकडच्या कोरड्या भागात थोडी जास्त सवड मिळते.

बसायला काउंटर हवाच असेल तर

कपाटापुढं एक उंच फळी हवी असेल तर झोपाळ्याची फळी वापरा. दीड इंच जाड सागवान, कडा आधीच गोल झालेल्या, लांबी चार-पाच फूट. वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ४२ इंचांवर ठेवा. त्याला स्टूल २९-३० इंचांचं लागतं. फळीचा तळ आणि स्टुलाची बैठक यात दहा-बारा इंच अंतर नसेल तर मांडी अडकते. पाय टेकायला सात-आठ इंचांवर पाइप हवा, नाहीतर लोंबकळणाऱ्या पायांनी माणूस अर्ध्या तासात कंटाळतो. उद्यमबागेतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलंत तर पाइप वाकवून, ब्रॅकेट वेल्ड करून मिळेल. फळीच्या चार कड्यांची भोकं बुजवू नका. पितळी कड्या परत बसवल्या की त्यांना नॅपकिन आणि बाटली उघडायचं ओपनर टांगता येतं.

बाटल्या भरण्याआधी

कपाटात जागा झाली म्हणून बाटल्या वाढवत सुटू नका. घरात किती दारू ठेवायची याला अबकारी खात्याची मर्यादा आहे आणि ती प्रत्येक प्रकाराला वेगळी असते. कर्नाटकातली सध्याची मर्यादा जवळच्या अबकारी कचेरीत विचारून घ्या. तीन राज्यांच्या सांध्यावर राहतो म्हणून आपल्याला एक सवय लागलेली असते: चोर्ला घाटातून गोव्याला जायचं आणि येताना डिकीत चार बाटल्या. ज्या बाटलीवर ‘फॉर सेल इन गोवा ओन्ली’ छापलंय ती परवान्याशिवाय घाट चढून आली तर गुन्हा आहे, घाटात गाड्या तपासल्या जातात, आणि अशी बाटली आपल्या सुंदर जाळीच्या कपाटात पाहुण्यांना दाखवणं तर आणखी वेडेपणा. महाराष्ट्रातून आणलेल्या बाटलीचंही गणित वेगळं नाही. फौजी भाऊजींच्या कॅन्टीनच्या कोट्यातली रम त्यांच्यासोबत बसून प्या, ती विकत घेऊ नका.

फेणी ठेवणार असाल तर तिला स्वतंत्र, घट्ट बुचाची बाटली द्या. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा वास मानांकन विचारत नाही. एक ढिलं बूच राहिलं तर कपाट उघडताक्षणी खोलीभर फेणीच.

जुन्या कडी-कोयंड्याला कुलूप लावा, चावी पोरांच्या हाताला न लागेल अशी ठेवा. फिनेल, स्पिरिट, उरलेलं पीयू असलं काही या कपाटात नको. दारूच्या रिकाम्या बाटलीत भरून तर मुळीच नको.

आता देखभाल. सांडलं की लगेच ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसा. बिजागऱ्यांना वर्षातून एकदा खोबरेल सोडून कुठलंही मशीनचं तेल द्या, खोबरेल थंडीत थिजतं. आणि पहिल्या पावसाळ्यात दार चौकटीला घासायला लागलं तर लगेच रंधा काढू नका. लाकडानं हवेतलं पाणी घेतलंय, एवढंच. तेव्हा छिललेलं दार मे महिन्यात बोटभर फट दाखवतं. कडेला मेणबत्ती घासून पावसाळा काढा आणि दसऱ्यानंतरही अडकत असेल तरच मेस्त्रीला बोलवा.